दोरा कुणाचा होता

९ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. वाचल्याची खूण मलाही दिसते. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. ते हातात घ्यायला सही लागते, आणि सह्या करण्यात तू आता तरबेज झाला असशील.

आईला यातलं काही बोललेले नाही. रविवारी तू तिच्याशी पाच मिनिटं बोलतोस, त्यावर ती आठवडा काढते. तेवढं चालू ठेव.

आमची शेड बंद झाली. सोमवारी सकाळी आम्ही एकतीस जणी डबे घेऊन पोचलो तर दाराला कुलूप. मालक अकराच्या सुमारास आले आणि पायरीवर उभं राहून त्यांनी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. गाडीच्या पुढच्या सीटच्या कव्हरांमध्ये दोष सापडलाय. एअरबॅग फुगली की दरवाजाकडची शिवण उसवायला हवी, ती चाचणीत उसवली नाही. हजारो गाड्या परत बोलवाव्या लागणार. आणि कारण काय, तर शिवणाऱ्या बायकांनी टाके ठरल्यापेक्षा दाट घातले. म्हणून आमचं काम बंद. ते आता तुझ्या शहरात, नव्या प्लांटशेजारी होणार.

तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी लिहिते, कारण तू विसरलास असं वाटतंय. सगळ्या कव्हराला पक्का दोरा लागतो आणि त्या एका शिवणीला कच्चा. कच्चा दोरा बाजारात मिळत नाही, कंपनी स्वतः पाठवते. त्या शिवणीच्या मशिनी बारा. मशीन टाके मोजतं. एक टाका कमी-जास्त झाला की लाल दिवा लागतो आणि सुई हलायचं नाव घेत नाही. मग लाल दिवा एकदाही न लागता बारा बायकांनी दाट टाके घातले कसे? एवढं मला कुणी समजावून सांगितलं तर मी आजच गप्प बसते.

मालकांनी प्रत्येकीपुढे एक कागद ठेवला. 'आमच्या निष्काळजीपणामुळे दोष झाला, आमची काही तक्रार नाही.' खाली सही केली की चेक. कटिंग टेबलावरच्या काटकोनने (नाव तूच ठेवलं होतंस, ती कापते तसंच बोलते म्हणून) कागद दोनदा वाचला आणि मालकांना म्हणाली, "हा कागद घेऊन मी उद्या दुसरीकडे काम मागायला गेले, तर तुम्ही तरी मला ठेवाल का?" मालकांनी चष्मा पुसायला घेतला.

चौघींनी सह्या केल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलाय. बाकी सत्तावीस जणी कागद तसाच ठेवून घरी आलो.

मालकांनी पत्रासोबत तपासणीचा अहवालही आमच्या हातात दिला, त्याखाली कुणाची तरी सही आहे. मला ती नीट लागली नाही. कंपनीत तू तपासणी खात्यातच आहेस, तेव्हा तुला ठाऊक असेल. तेवढं कळव.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

पोचपावती आली. सही तुझीच आहे. उत्तर नाही.

ठीक आहे, मग मीच खरं सांगते. अहवालावरची सही मला पहिल्याच क्षणी लागली होती. तुझ्या नावाच्या शेवटच्या अक्षराचा फटकारा तू चौथीत असल्यापासून तसाच मारतोस, त्यावरून गुरुजींनी तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं. सगळ्या जणी माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या. मी अहवाल हातात धरला आणि तुझी सही अंगठ्याखाली झाकली. तशीच झाकून सगळ्यांना वाचून दाखवला. मग घडी घालून पिशवीत टाकला.

दहा दिवस झाले, तो अंगठा मला माझा वाटत नाही.

तुला इथलं काय सांगू? कंपनीच्या इथल्या गाड्यांच्या कारखान्याने आधी रात्रपाळी बंद केली, मग दुपारची. आता फक्त सकाळचा भोंगा होतो. बसस्टॉपपासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या मी मोजल्या, तर तेवीस. गणवेश शिवणारा आता जुन्या पँटी उसवून बसतो. शाळेत पाचवीच्या दोन तुकड्यांची एक झाली. टायरवाले काका दुकानाच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचतात, आणि मी समोरून गेले की पेपर वर धरतात. वाईट बातमी अंगाला लागते असं वाटत असावं.

मी कारखान्याला शिव्या देणार नाही. तो आला तेव्हा इथे एक पेट्रोल पंप आणि धूळ होती. बाबा गेल्यावर त्याच्याच जिवावरच्या शेडने आपलं घर उभं केलं. तुझं कॉलेज, आईचे डोळे, माझी गाडी, सगळं त्या मशीनवरून आलं. पण ते फुकट नाही आलं. सोळा वर्षं मी त्या मशीनसमोर बसलेय. त्यामुळे कंपनीला जायचं असेल तर तिने जावं. जाताना आमच्या हातांना चोर ठरवून जायचं नाही. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही.

आम्ही कामगार कार्यालयात अर्ज दिलाय. मशीनच्या नोंदी ज्या कॉम्प्युटरमध्ये होत्या तो मालकांनी आधीच कंपनीला देऊन टाकला. कच्च्या दोऱ्याच्या रिळीही परत नेल्या. फक्त एक राहिली. आमची रेडिओ, जिचं तोंड दिवसभर चालू असतं ती, त्या दिवशी प्रथमच कुणाला काही न बोलता एक अर्धी रीळ डब्यात घालून घरी घेऊन गेली. तो दोरा आम्ही हाताने ओढून पाहिला. तुटता तुटत नाही. बोटं कापली. हा कच्चा दोरा नव्हे, धाकट्या. रिळीवर चिठ्ठी कच्च्याची आहे आणि आत दोरा पक्क्याच्या जवळपासचा.

म्हणजे दोष टाक्यांचा नाही, दोऱ्याचा. आणि दोरा तुमचा.

तू तपासणीत दोरा तपासलाच नाहीस, की तपासलास आणि गिळलास? यातलं कुठलं खरं असावं म्हणून मी देवाकडे मागू, तेही मला समजेना.

ताई


७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. बहिणीला पत्र, आणि तेही टाइप करून.

तू लिहितोस की यात पडू नकोस. नव्या प्लांटशेजारच्या शिवणकामात माझ्यासाठी सुपरवायझरची जागा बोलून ठेवलीयस. दोन खोल्यांचं घर पाहिलंयस, लिफ्टचं, आईला जिने नकोत म्हणून. आणि शेवटी एक ओळ: 'तुला त्रास होणार नाही याची काळजी मी आधीच घेतली आहे.'

त्या ओळीचा अर्थ मला लागला नव्हता. दोनच दिवसांनी लागला.

कामगार कार्यालयाने कंपनीकडून अहवालाची पूर्ण प्रत मागवली. तिला मागे एक यादी जोडलेली आहे. प्रत्येक कव्हराच्या आत शिवणारीच्या क्रमांकाचं लेबल असतं, त्याप्रमाणे कुणाकुणाच्या कव्हरांत दोष आढळला त्याची ही यादी. मावशींच्या घरी सगळ्या बसलो होतो आणि रेडिओ मोठ्याने वाचत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. तिथे ती थांबली. पुन्हा वाचलं. सहा, आठ, नऊ, असं बारापर्यंत.

सात नंबर माझा.

मावशींनी मला मशीन शिकवलं, त्यांचा नंबर दोन. त्यांनी यादी हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग मला विचारलं, "तुझी एवढी काळजी कुणाला गं?"

मी अहवाल पिशवीतून काढला, शेवटचं पान उघडलं आणि सहीवर बोट ठेवलं. सांगितलं, हा माझा भाऊ. पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुमच्यापासून झाकलं.

काटकोन उठून बाहेर गेली. दोघी तिच्या मागोमाग गेल्या. एक जण म्हणाली, चेक तुझ्या घरी आधीच पोचला असेल. तिने तसं म्हणायला मीच जागा करून दिली होती. घरी आले तर आईने विचारलं, तुझं तोंड का उतरलंय. म्हटलं, दाढ दुखतेय. आता रोज लवंग लावून देते मला.

चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. पाचव्या दिवशी काटकोन दारात. आत येईना. तिथूनच म्हणाली, "आपल्यातर्फे तूच बोलायचं. बाकीच्यांचं काम गेलंय. तुझं काम गेलं, भाऊ गेला, आता अब्रूही जातेय. तुझ्याकडे घाबरायला उरलंय काय?" आणि गेली. ती प्रेमाने बोलली की रागाने, ते मी अजून ठरवतेय.

आता तुझ्या जागेबद्दल. मला नको. लिफ्टही नको. मला वगळून तू अकरा बायकांच्या तोंडाला काळं फासलंस आणि म्हणतोस काळजी घेतली. मावशी तुला शाळेतून आणायच्या, शेडमध्ये माझी दुपारची पाळी असायची तेव्हा. दोन नंबर लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

ताई


२२ मार्च

धाकट्या,

सुनावणी येत्या शुक्रवारी आहे. मी पाठीमागून वार करत नाही, म्हणून आधी सांगते मी काय करणार आहे.

दोऱ्याची रीळ आम्ही दाखल केली. कंपनीचे वकील म्हणतात, ही त्याच खेपेची कशावरून, चिठ्ठी कुणीही चिकटवेल. मशीनच्या नोंदी म्हणे कॉम्प्युटर बिघडल्यामुळे मिळत नाहीत. म्हणजे आमच्या हातात काय राहिलं? एक गाळलेला नंबर.

तो मी विचारणार आहे. सगळ्यांसमोर. मशीन तेच, माप तेच, दोरा तोच, मग सात नंबर कुठे गेला? तो प्रश्न विचारला की तुझं नाव निघणार, आपलं नातं निघणार. तुझी नोकरी जाईल, बहुतेक पुढची मिळायलाही जड जाईल. हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला होता. मावशींनी दोन कप घेतले होते.

तू लहान असताना कुणाची काच फोडलीस की मी जाऊन सांगायचे, माझ्या हातून फुटली. तीच सवय तुला नडली असं मला आता वाटतं. तेव्हा माझंही चुकलंच. पण या खेपेला मी जाऊन सांगणार नाही.

आईला कळलंय. रेडिओची आई आणि आपली आई एकाच दवाखान्यात जातात, किती दिवस लपणार होतं. ती रडली नाही. तिने लवंगांची डबी कपाटात ठेवली आणि मला विचारलं, सुनावणीला घरच्यांना बसू देतात का.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

तू तिथे होतास, तरी लिहिते. तू सगळा वेळ जमिनीकडे पाहत होतास, त्यामुळे बरंच तुला दिसलं नसणार.

ती खोली आमच्या शेडच्या स्टोअरएवढी. दोन कपाटं, त्यांवर फायली छतापर्यंत. अधिकारी बाईंच्या टेबलाचा एक पाय तुटका, खाली वीट लावलेली. आम्ही सत्तावीस जणी बाकांवर आणि भिंतीला टेकून. आई खिडकीपाशी, नेहमीची पर्स मांडीवर घेऊन. समोर कंपनीचे वकील, दोन साहेब आणि कडेच्या खुर्चीत तू, कंपनीचा निळा शर्ट घालून. तू इतका वाळलास हे आईला फोनवर कधी बोलला नाहीस.

वकील अर्धा तास बोलले. बायकांना कामाची घाई असते, गप्पा असतात, घरची काळजी असते, लक्ष उडतं. रेडिओ जागच्या जागी उसळली, मावशींनी तिचा पदर धरून ठेवला.

मग मी उठले. मी म्हटलं, बाई, या यादीत एक ते बारा नंबर आहेत, सात नाही. सात मी आहे. वकील लगेच म्हणाले, या कामगाराचं काम चांगलं असेल म्हणून दोष आढळला नाही, ही तर आमची बाजू झाली.

मी म्हटलं, मी तिथली सगळ्यांत चांगली शिवणारी नाही. त्या दोन नंबर आहेत, त्या बसल्यात बघा. मी त्यांच्याकडून शिकले. माझी शिवण उसवली आणि त्यांची नाही, हे त्यांच्या हाताखाली एक दिवस बसलेली पोरगीसुद्धा मानणार नाही.

अधिकारी बाईंनी चष्मा नाकावरून खाली घेतला आणि विचारलं, अहवाल कुणी केला. तू उठलास. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतोय.

"सात नंबरची कव्हरं तपासली होती?"

"तपासली होती."

"निकाल?"

"उसवली नाहीत. बाकीच्यांसारखीच."

"मग यादीत का नाहीत?"

तू तेव्हा प्रथम वर पाहिलंस. माझ्याकडे नाही, आईकडे. "ती माझ्या बहिणीची आहेत."

एक साहेब तुझी बाही ओढत होते. तू ती सोडवून घेतलीस आणि कुणी न विचारता पुढचं सांगितलंस. टाक्यांचं माप बाराच्या बारा जणींचं बरोबर होतं. दोरा ठरल्यापेक्षा मजबूत आला होता. दोऱ्याची चाचणी तू स्वतः केलीस, ते पान अहवालाला जोडू नकोस असं तुला सांगण्यात आलं, आणि तू जोडलं नाहीस. ते पान तू खिशातून काढून टेबलावर ठेवलंस. चार घड्या घातलेलं होतं. किती दिवस खिशात घेऊन फिरत होतास?

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी डोळे मिटले एवढंच.

तू मागच्या दाराने गेलास. आई पुढच्या दाराशी उन्हात तासभर उभी होती. मी म्हटलं, चल, तो गेला. ती म्हणाली, "जाऊ दे. बोलताना सरळ उभा होता." आणि रिक्षाला हात केला.

तू खरं बोललास म्हणून मी तुझे आभार मानणार नाही. खऱ्याचे आभार मानायचे नसतात. ते आमचं होतं, तू दोन महिने ठेवून घेतलं होतंस, परत केलंस.

पण त्या दिवशी घरी आल्यावर मी पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले. हेही तुला कळायला हवं.

ताई


१६ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. या वेळी हाताने लिहिलेलं. काढून टाकलं त्यांनी तुला, ते मला टायरवाल्या काकांकडून आधीच समजलं होतं. आता ते पेपर वर धरत नाहीत, मला थांबवून बातम्या विचारतात.

इथला निकाल लागला. कंपनीने लेखी द्यायचं, दोष दोऱ्याचा होता, कामगारांचा नाही. प्रत्येकीला त्याची प्रत, शिक्क्यासह. मावशींनी ती फ्रेम करून भिंतीवर लावलीय, लग्नाच्या फोटोच्या वरती. आमच्या नुकसानीपोटी मालकांनी मशिनी आमच्या नावावर करून दिल्या, एअरबॅगच्या बारा सोडून. त्या कंपनीच्या होत्या, त्या ती घेऊन गेली.

कारखाना मात्र जाणारच. जूनमध्ये शेवटचा भोंगा. हे आमच्याने थांबणारं नव्हतं आणि तसं आम्ही कधी म्हटलंही नाही. टेम्पो भरून घरं जाताहेत. शेजारचं घरही गेलं, जाताना त्यांनी आईला कुंड्या दिल्या.

आम्ही जात नाही. शेड भाड्याने घेतलीय. बस डेपोच्या फाटक्या सीटा पहिल्या आल्या. इतक्या घाण होत्या की काटकोनने नाकाला रुमाल बांधून कापड कापलं आणि दिवसभर डेपो मॅनेजरचा उद्धार केला. मग हॉस्पिटलच्या गाद्यांची कव्हरं आली. पूर्वी मिळायचं तितकं मिळत नाही, निम्मंही नाही. पण लेबल आमचं आहे. सह्या करणाऱ्या चौघीही परत आल्या. पहिल्या दिवशी दारातच घुटमळत होत्या. मावशी म्हणाल्या, आत या, माश्या येतात. झालं, विषय संपला.

आता तुझ्या माफीचं. तू ती माझ्याकडे मागितली आहेस. मी देऊ शकत नाही. माझा नंबर तू गाळला होतास, तेव्हा त्या यादीत माझं नावच नव्हतं. ती ज्यांच्याकडे मागायची त्या अकरा जणी इथे रोज येतात. पत्राने मागू नकोस. ये. मशिनी बंद करून सगळ्या बसतील, तू समोर उभा राहा आणि अहवालात जसं एकेक नंबर लिहिलास तसं एकेकीचं नाव घेऊन बोल. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. काटकोन कात्री खाली ठेवेल याचीही खात्री देत नाही.

त्यानंतर घरी जेवायला ये. आई वाट पाहतेय, ती काही विचारणार नाही.

पण शेडमध्ये मी तुझ्या शेजारी उभी राहणार नाही. मी समोर असेन, त्यांच्यात.

ताई